बाई, हे कोन बोलून राह्यलं? – लेखनाचा नियम कुठे संपतो आणि माणसाची बोली कुठे सुरू होते

तांबडी_शाई

नमस्कार मंडळी,

मी मुद्रितशोधनाचं काम करते, यंदा २२ वर्षं झाली. पुण्यात घरीच बसून दोन-तीन प्रकाशकांची पुस्तकं बघते, पावसाळा सरत आला की दिवाळी अंकांची प्रुफं असतात. इथे आजवर फक्त वाचत आले. आज लिहितेय, कारण गेल्या महिन्यातली एक गोष्ट मनातून जात नाही.

अकोल्याकडच्या एका शेतकरी बाईंच्या आठवणींचं पुस्तक हातात आलं. वय सत्तरीच्या पुढे. त्या सांगत गेल्या, नातीने मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि ऐकून ऐकून वहीत उतरवलं. पहिलं प्रूफ मी नेहमीच्या सवयीने वाचलं. 'मले' दिसलं की 'मला', 'काहून'चं 'का', 'पानी'चं 'पाणी'. एक वाक्य असं होतं: 'माहा बाप मेला तवा मी सात वर्साची होती.' मी त्याचं केलं: 'माझे वडील वारले तेव्हा मी सात वर्षांची होते.' एका ओळीत सहा दुरुस्त्या. समास तांबडा झाला होता आणि काम चोख झाल्याचं समाधान वाटलं होतं.

पानं नातीकडे गेली. तिने ती आजीला वाचून दाखवली आणि मला फोन लावून स्पीकरवर टाकला. बाई जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, हे कोन बोलून राह्यलं? माह्या तोंडचं नाही हे."

त्या रात्री मी मराठी साहित्य महामंडळाचे नियम पुन्हा काढून वाचले. १९६२ साली शासनाने मान्य केलेले १४ आणि १९७२ मध्ये आलेले ४, असे एकूण १८. अनुस्वार कुठे द्यावा, कुठला इकार ह्रस्व, कुठला दीर्घ, सामान्यरूप कसं लिहावं, हे त्यांत आहे. 'बाप मेला' असं लिहू नये, 'वडील वारले' लिहावं, असं त्या अठरांत कुठेही नाही. 'तवा' म्हणू नये, असंही नाही. उलट बोलण्यातली भाषा लिहायची असेल तर शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन 'असं केलं' लिहायची मोकळीक त्यांनीच दिली आहे. म्हणजे ते वाक्य बदललं ते मी. नियमाचं नाव पुढे करून स्वतःच्या घरची भाषा मी त्या बाईंच्या तोंडात घातली.

सगळं पूर्ववत केलं आहे. पण आता प्रश्न पडलाय की इतकी वर्षं आणखी किती जणांच्या तोंडचं मी असं पुसलं असेल? लिहिण्याची शिस्त मला जिवापाड प्रिय आहे, ती सोडायची नाही. तरी दुरुस्त करणाऱ्याने नेमकं कुठे थांबावं, यावर तुमचा अनुभव सांगा.

---

पंचगंगा

ताई, वाचताना गळा दाटून आला.

मी कोल्हापूरकडची. आमच्यात बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी करतो' असंच म्हणतात. माझी आई, आजी, मावशी सगळ्या. पुण्यात होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात खोलीतून निघताना मी म्हटलं, "येतो गं." सगळ्या हसल्या. "येतो? तू काय मुलगा आहेस?" पुढची चार वर्षं मी प्रत्येक क्रियापद तोंडातून काढण्याआधी मनात तपासत होते. वर्गात प्रश्न विचारायचा असला तरी आधी 'विचारतो की विचारते' हे ठरवायचं, तोवर सरांचा विषय पुढे गेलेला.

खूप नंतर लक्षात आलं की आमच्या बोलण्यालाही पक्का नियम आहे. बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो' म्हणते, पण दुसरीबद्दल 'ती आली'च म्हणते. 'ती आला' असं आमच्याकडे लहान पोरगीसुद्धा चुकून म्हणणार नाही. ह्याला व्याकरण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता घरी गेले की आई विचारते, "कवा आलीस?" आणि माझ्या तोंडून निघतं, "आत्ताच आले." ती एक क्षण माझ्याकडे बघते. बोलत काही नाही.

---

कृदन्त

नियमाची बाजू मांडायला सहसा कोणी पुढे येत नाही, म्हणून मी मांडतो. ३१ वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं.

बाईंच्या आठवणी त्यांच्याच बोलीत छापल्या पाहिजेत, यात मला तिळमात्र शंका नाही. पण बोलीच्या आडून आळसाला संरक्षण मिळू नये. चौकातले फ्लेक्स वाचा: 'हार्दीक', 'आशिर्वाद', 'उज्वल', 'दिपावली'. ही कुठल्या तालुक्याची बोली आहे? वऱ्हाडात नाही, मालवणात नाही, खानदेशात नाही. हे फक्त न शिकवलेलं आणि न शिकलेलं आहे. 'महाराष्ट्र दीन' लिहिलं की राज्य गरीब होतं, 'शीर कापलं' आणि 'शिर कापलं' यांत जीव राहण्या-जाण्याचा फरक आहे.

आणि हे घोकावं लागत नाही. उत् आणि ज्वल मिळून उज्ज्वल, म्हणून दोन ज. महत् ला त्व लागून महत्त्व, म्हणून दोन त. तत् आणि ज्ञ मिळून तज्ज्ञ. मुलाला एकदा शब्द उघडून दाखवला की तो जन्मात चुकत नाही. अरुण फडक्यांनी शुद्धलेखनाची खिशात मावेल एवढी पुस्तिका करून ठेवली, गावोगाव जाऊन शिकवलं. इतकं कोणी हातात आणून देत असताना 'भावना पोचल्या ना, मग झालं' हे उत्तर मला दुखावतं. भाषेवर प्रेम आहे म्हणायचं आणि तिचे शब्द मात्र हवे तसे लिहायचे, हे मला जमत नाही.

---

कागदपत्र

सरांशी सहमत. मी दस्तलेखनाचं काम करतो, टिंबाची किंमत रोज बघतो.

एका मृत्युपत्रात ओळ होती: 'राहते घर माझ्या मुलाच्या नावे करावे.' मुलगे दोन. धाकटा म्हणे, वडिलांना 'मुलांच्या' म्हणायचं होतं, टाइप करणाऱ्याकडून अनुस्वार राहिला. थोरला म्हणे, मी सांभाळलं, म्हणून 'मुलाच्या', म्हणजे माझ्या. वडील विचारायला उरले नव्हते. कागद मी केला नव्हता, माझ्याकडे तो वाद सुरू झाल्यावर आला. ते दोघं भाऊ आज एकमेकांच्या दारी जात नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक दस्त पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवतो आणि 'ला'च्या जागी 'ला' आहे की 'ना', 'च्या'आधी टिंब आहे की नाही, ते बोट ठेवून दाखवतो.

---

मोडीवाचक

कृदन्त सर, आदर ठेवून एक भर घालतो. मी हौसेने मोडी कागद वाचतो. मोडीत ह्रस्व इकार आणि दीर्घ ईकार यांना वेगळी चिन्हं नाहीत, एकच वेलांटी, उकाराचंही तसंच. पेशवाईचा सगळा कारभार, सनदा, हिशेब, लढायांच्या बातम्या या लिपीत चालल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. मराठी बोलताना आपण बहुतेक शब्दांत ह्रस्व-दीर्घ जागेवरून ठरवतो: 'खीर' पण 'खिरीत', 'फूल' पण 'फुलाला', 'बहीण' पण 'बहिणीला'. हे कोणी शिकवत नाही, जीभ आपोआप करते. अडतं ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांपाशी. 'परीक्षा', 'आशीर्वाद' यांतला दीर्घ मराठी कानाला वेगळा ऐकू येत नाही, तो डोळ्यांनी पाठ करावा लागतो. ज्याच्या घरात पुस्तकं आहेत त्याला तो पाठ होतो. म्हणून 'चूक' दिसते तिथे पुष्कळदा आपल्याला घर दिसत असतं.

आणि हे जुनंच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. छापखाना आणि सरकारी शाळा आल्या तशी एक मराठी प्रमाण ठरत गेली आणि ती पुण्याकडच्या शिकल्या-सवरलेल्यांच्या बोलण्याजवळची होती. पुढे जोतीराव फुल्यांनी लिहिलं तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाला' मासिकातून त्यांच्या व्याकरणावर टीका केली. फुले शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल, शाळेबद्दल बोलत होते आणि समोरून त्यांच्या भाषेचं माप काढलं जात होतं. या विषयावर कुणी 'नियम म्हणजे नियम' म्हणालं की मला ते आठवतं.

---

कृदन्त

मोडीचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मनात राहील. फक्त एक: मोडीचा कागद एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनासाठी लिहिलेला असे. दोघांना विषय माहीत, एकमेकांचं वळण माहीत. छापलेलं पुस्तक अनोळखी माणूस वाचतो, शंभर मैलांवर, पन्नास वर्षांनी. त्याला विचारायला लेखक समोर नसतो. म्हणून छपाईला एकसारखेपणा लागतो. फुल्यांवरच्या टीकेबद्दल मी काही समर्थन करणार नाही.

---

बागलाणचा_मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पोरांच्या घरात अहिराणी, काहींच्या घरात कोकणा बोली. पहिलीत येतात तेव्हा 'पानी' म्हणतात. मी पहिली काही वर्षं 'पाणी म्हण, पाणी म्हण' करत बसायचो. एक पोरगी होती, चुणचुणीत, पण मग तिने वर्गात पाणी मागणंच बंद केलं. तहान लागली की मधल्या सुट्टीपर्यंत थांबायची. ती गोष्ट तिच्या आईकडून कळली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

नंतर डी.एड.च्या एका जुन्या सरांनी सांगितलं की संस्कृतात मूळ शब्द 'पानीय'. त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि पुस्तकी मराठीने ण धरला. आमच्या पोरांच्या तोंडी न आहे, ती काही घाण नाही. आता फळ्यावर दोन रकाने करतो: 'घरात' आणि 'पुस्तकात'. पानी–पाणी, लोनी–लोणी. पोरं स्वतः भर घालतात. पुस्तकातला शब्द ती आधीपेक्षा लवकर शिकतात, कारण घरातला कोणी हिसकावून घेत नाही.

जाता जाता, २०१९ साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! समितीवर असलेल्या मंगला नारळीकर बाई शांतपणे समजावत होत्या की मुलाला अवघड जातं म्हणून ही मदत आहे, जुनं काढलेलं नाही. वर्गात उभा असलेला माणूस म्हणून सांगतो, 'सदुसष्ट' म्हटलं की निम्मी पोरं ७६ लिहितात, कारण कानावर सात आधी पडतो. लोक मात्र 'मराठी बुडाली' म्हणत होते. त्यांतल्या किती जणांनी पहिली-दुसरीच्या पोराचा हात धरून अंक गिरवला होता, कोण जाणे.

---

स्पर्धार्थी_ते_लिपिक

मास्तर, तुमच्यासारखे सर मला मिळाले असते तर बरं झालं असतं.

मी चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. मो. रा. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तक इतकं वाचलं की पानं सुटी झाली, रबर लावून ठेवायचो. 'पुढीलपैकी शुद्ध शब्द ओळखा' यावर एक-एक मार्क आणि एका मार्कात शेकडो मुलं. आमच्या खोलीतल्या पाच जणांपैकी कुणाच्याच घरी 'निर्भर्त्सना' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. तरी तो पाठ केला. मला नियमांचा राग नाही, त्यांच्यामुळेच मला नोकरी लागली. माझ्यासारख्याला नियम लिहिलेले असतात हा मोठा आधार असतो. लिहिलेला नियम शिकता येतो. न लिहिलेलं घराणं शिकता येत नाही.

पण एक प्रसंग सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक आजोबा अर्ज घेऊन आले, ऐंशीच्या घरातले. अर्जावर सुंदर अक्षरात 'विनंति', 'नांव', 'गांव', 'कांहीं'. आमच्या वरिष्ठांनी त्यावर गोल केले आणि 'नीट लिहून आणा' म्हणून परत दिला. आजोबा म्हणाले, "साहेब, मी शाळेत असंच शिकलो, पहिला नंबर असायचा माझा." ते खरं बोलत होते. १९६२च्या आधी शिकलेल्या माणसासाठी तेच बरोबर होतं, 'नाव' लिहिलं असतं तर गुरुजींनी छडी मारली असती. मी तेव्हा गप्प बसलो. त्यांना बसवून अर्ज घ्यायला पाहिजे होता. तसं केलं नाही, ते अजून सलतं.

---

तांबडी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदपत्र, तुमचं टिंब मी विसरणार नाही.

लिपिकदादा, तुमच्या आजोबांवरून माझ्या आजोबांची पत्रं काढून बसले. १९४८चं एक आहे, माझ्या आजीला लिहिलेलं. 'तूं', 'मीं', 'घरांत', 'पुढें', 'तें'. तें वरचं टिंब नपुंसकलिंगाचं, मीं वरचं तृतीयेचं. मोबाइलमध्ये टाइप करून बघितलं तर जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. पत्रात एकही चूक नाही, तरी सगळं पत्र लाल. ज्या नियमाने मी रोज काम करते तो माझ्या आईच्या हयातीत बदलला आहे. तेव्हा मला वाटतं, 'शुद्ध' हा शब्दच आपण सोडावा. 'प्रमाण' म्हणावं. शुद्ध म्हटलं की समोरचा आपोआप अशुद्ध, म्हणजे विटाळलेला होतो. प्रमाण म्हटलं की ते मापाचं, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. कृदन्त सर, छापील पानाबद्दल तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के पटतं, म्हणूनच मला एक माप हवंच आहे.

एका बाबतीत मात्र मी हटणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. 'माझी मदत कर.' मी हे दर वेळी बदलते. हिंदीतून आलं म्हणून नव्हे. मराठीत 'माझी मदत' म्हणजे मी केलेली मदत: 'माझी मदत त्याला वेळेवर पोचली.' मला हवी असलेली ती 'मला मदत'. देणारा आणि घेणारा यांची जागा एका प्रत्ययाने कळते. ती मोडली तर भाषेतला एक उपयोगी फरक जातो.

---

परदेशी_आई

न्यू जर्सीहून. आमच्याकडे रविवारी मराठी शाळा भरते, मी तिथे शिकवते.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना भराभर मराठी बोलायचा, सगळी लिंगं चुकीची. 'ती टेबल', 'तो खिडकी', 'ते मुलगी'. सासूबाई आल्या होत्या, त्या मायेने पण प्रत्येक वाक्यात थांबवून 'ती नाही राजा, ते टेबल' सांगायच्या. तीन महिन्यांत तो त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. दोघं एका सोफ्यावर बसून काही बोलत नाहीत, हे मी बघितलंय. पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनीच ठरवलं, दुरुस्त करायचं नाही, फक्त आपण बरोबर बोलायचं. तो म्हणाला 'तो खिडकी बंद कर', की त्या म्हणायच्या 'हो, करते हं ती खिडकी बंद.' हळूहळू पुष्कळ सुधारला. सगळं नाही. पण तो त्यांच्याशी मराठीत भांडतो, आणि आम्हाला तेवढं पुरतं.

तांबडी_शाई, 'माझी मदत' तो पण म्हणतो. समोरच्याला कळत नाही असं मला एकदाही दिसलं नाही.

---

तांबडी_शाई

कळतं, हे खरं आहे. तुमच्या मुलाला मी टोकणार नाही. पुस्तकात आलं तर बदलेन.

---

पूर्णाकाठ

मी त्याच भागातली, अकोला जिल्हा. ताई, तुम्ही वाक्य पूर्ववत केलं हे वाचून फार बरं वाटलं. पण एक बारीक गोष्ट सांगू का? तुम्ही धाग्याच्या नावातच 'राह्यलं' लिहिलंय. आमच्या गावात आजी 'रायलं' म्हणते. 'राह्यलं' हे तुमच्या डोळ्यांपुढे 'राहिलं' असल्यामुळे आलेलं वाटतं, मधला ह तुमचा आहे. आणि हस्तलिखितात 'माह्यं', 'माहं', 'माहा' असं तिन्ही असेल तर बघून घ्या. 'माहा बाप', 'माही माय', 'माहं घर' असे ते लिंगाप्रमाणे बदलतात, तेव्हा सगळीकडे एकच करून टाकू नका. पण त्याच 'माहं'चं एका पानावर 'माह्यं' असेल तर ते नातीच्या कानाचं आहे, तिथे एक धरा.

बोलीतल्या पुस्तकालाही मुद्रितशोधक लागतोच. आमच्याकडची पुस्तकं छापतात तेव्हा 'बोलीच आहे, चालतं' म्हणून प्रूफ कोणी बघतच नाही, आणि एकच शब्द चार पानांवर चार तऱ्हेने येतो. वाचणाऱ्याला वाटतं, ह्या लोकांना लिहिताच येत नाही.

---

कृदन्त

पूर्णाकाठ यांचा हा प्रतिसाद मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे.

---

तांबडी_शाई

काल नातीला फोन केला आणि मूळ रेकॉर्डिंग मागवलं. हे मी आधीच करायला हवं होतं. हेडफोन लावून चाळीस मिनिटं ऐकलं. 'रायलं'च आहे, ह कुठेही नाही. 'माहा', 'माही', 'माहं' तुम्ही म्हणता तसेच लिंगाप्रमाणे फिरतात, एकदाही चुकलेले नाहीत. 'वर्साची' तर इतकं स्पष्ट आहे की मी ते 'वर्षांची' कसं केलं, याचं आता नवल वाटतं.

एक तक्ता केलाय: डावीकडे बाईंचा शब्द, उजवीकडे पुस्तकभर तो कसा लिहायचा ते. सध्या ६४ शब्द झालेत. पूर्णाकाठ, तक्ता तुम्हाला निरोपातून पाठवलाय, वेळ मिळेल तेव्हा नजर घाला. 'काहून' आणि 'कायले' मी वेगळे ठेवले आहेत, 'का' आणि 'कशाला' असा फरक असावा असं ऐकून वाटलं, तो तपासून सांगा. तिसरं प्रूफ सोमवारी निघतंय, आणि या वेळी पानं छापायला जाण्याआधी नात ती पुन्हा एकदा आजीला वाचून दाखवणार आहे.